कागदाच्या शिल्पाला शिल्पच म्हणावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत राज्यातील तरुण शिल्पकारांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. दगड, ब्राँझ, लाकूड आणि फायबर या माध्यमांची त्यात आलेली माहिती नेमकी आहे आणि ती मेहनतीने गोळा केलेली दिसते. मात्र लेखाच्या शेवटाकडे, कागदाची व छापील चित्रांची जोडकामे देखणी असली तरी ती हस्तकलेत मोडतात, अशा अर्थाचे एक वाक्य ओघात येऊन गेले आहे. लेखकाला ते किरकोळ वाटले असेल. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली आणि या एका समजुतीपायी मुलांची चांगली कामे चुकीच्या टेबलावर गेलेली पाहिली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. थोडे सविस्तर लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

२०१२ च्या उन्हाळ्यात मुलाकडे जर्मनीला गेलो असताना कासेल या गावी भरणारे 'डॉक्युमेंटा' हे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. आर्नोल्ड बोडे यांनी १९५५ साली सुरू केलेले हे प्रदर्शन आता दर पाच वर्षांनी भरते आणि शंभर दिवस चालते. त्या वर्षी ते तेरावे होते. खरे सांगायचे तर मी गेलो होतो ते नलिनी मालानी यांचे काम पाहायला, कारण सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेली आणि मुंबईत काम करणारी चित्रकर्ती तिथे काय मांडते याची उत्सुकता होती. पारदर्शक नळकांड्यांवर रंगवलेली, सावकाश फिरणारी आणि भिंतीभर सावल्या टाकणारी त्यांची चित्रे पाहून मन भरले. तिथून पुढे 'नॉयं गॅलरी' या जुन्या कलासंग्रहालयात गेलो. तिथल्या एका लांबच लांब, खिडक्यांच्या दालनात जे दिसले त्याने शिल्प या शब्दाविषयीची माझी कल्पना कायमची बदलली.

दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच टेबल होते, जवळपास सव्वाशे फूट लांब. त्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या दाट उभ्या केलेल्या होत्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला अमेरिकेतील 'लाइफ' या सचित्र साप्ताहिकातून कापलेले एखादे चित्र चिकटवलेले होते. कुठे माणसाचे डोके, कुठे मोटार, कुठे सैनिक, कुठे सूपचा डबा, तर कुठे नुसता एक हात. अशी सुमारे सोळा हजार कात्रणे होती आणि ती 'लाइफ'च्या नऊशेहून अधिक अंकांतून, अनेक मदतनीसांच्या हातांनी कापून घेतलेली होती. १९३६ च्या नोव्हेंबरात छायाचित्रांचे साप्ताहिक म्हणून सुरू झालेल्या या नियतकालिकाची पाच दशके त्या टेबलावर कालक्रमाने मांडलेली होती. कामाचे नाव 'लीव्हज ऑफ ग्रास'. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या काव्यसंग्रहाचे हे नाव, पण काड्या खरोखरीच्या गवताच्या असल्याने ते इथे अगदी शब्दशः लागू पडत होते.

हे काम करणारे जेफ्री फार्मर हे कॅनडातील व्हँकुव्हरचे, जन्म १९६७ चा. पुढे २०१७ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, त्यांनी कॅनडाचे प्रतिनिधित्व केले. कला क्षेत्रात त्यांचे नाव मोठे असले तरी आपल्याकडे ते फारसे कुणाच्या कानावर नाही, म्हणून ही ओळख.

आता माझा मुद्दा. त्या टेबलाजवळ उभा राहिलो तेव्हा पहिल्या क्षणी मलाही वाटले होते की हे कातरकाम आणि चिकटकाम आहे, फक्त प्रचंड प्रमाणावर केलेले. पण मी चालू लागलो आणि ते मत टिकले नाही. समोरून भरघोस दिसणारा एखादा चेहरा दोन पावले पुढे गेल्यावर निमुळता होत जाई आणि अगदी बाजूने पाहिल्यावर त्याची फक्त कागदाची कड उरे, एखाद्या दोऱ्याइतकी. त्याच वेळी त्याच्या मागे दडलेली चार चित्रे पुढे येत. दगडाची मूर्ती आपण कुठूनही पाहिली तरी ती तिथे असतेच. इथे पाहणाऱ्याच्या पावलागणिक माणसे प्रकट होत होती आणि नाहीशी होत होती. सपाट कागदाला जाडी नसते, हा त्याचा दोष मानला जातो. फार्मर यांनी त्या नसलेल्या जाडीतूनच काम उभे केले आहे. ज्याभोवती फिरल्याशिवाय जे कळत नाही, आणि फिरताना जे क्षणोक्षणी बदलते, त्याला शिल्प म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

दुसरी गोष्ट मागच्या बाजूची. काड्यांवर दोन्ही अंगांनी चित्रे होती. भिंतीकडच्या बाजूने चालत गेलो तेव्हा जे जग पाहिले ते खिडकीकडच्या बाजूने परतताना उरले नव्हते, त्याच काड्यांवर दुसरी माणसे उभी होती. शिवाय खिडकीतला उजेड कागदातून आरपार येत असल्याने काही चेहऱ्यांवर पलीकडच्या चित्राची पुसट छाया उमटत होती. मी वाकून एका चेहऱ्याजवळ डोळे नेले तेव्हा त्याचे गाल, ओठ, कपाळ सगळे छपाईच्या बारीक ठिपक्यांत विरघळले आणि मागे सरल्यावर पुन्हा जुळून आले. प्रमाणाचीही तीच गत. प्रत्येक चित्र अंकात छापले होते त्याच आकारात कापलेले असल्यामुळे जाहिरातीतली एखादी बाटली शेजारच्या माणसाच्या दुप्पट होती, आणि तरीही कुठे गोंधळ जाणवत नव्हता. उंच काड्या कुठे, बुटक्या कुठे, दाटी कुठे, मोकळी जागा कुठे, याचा तोल सांभाळलेला होता. हा तोल सांभाळणे हे शिल्पकाराचेच काम आहे. चित्रकाराला ते अशा रीतीने करावे लागत नाही आणि हस्तकलेच्या तासाला ते आपण शिकवतही नाही.

फार्मर यांचे हे काही एकटेच काम नव्हे. २००७ मध्ये त्यांनी रीडर्स डायजेस्टने काढलेल्या मानवी इतिहासाच्या एका जाडजूड सचित्र ग्रंथातील चित्रे कापून ती उभी केली आणि कामाला त्या ग्रंथाचेच 'द लास्ट टू मिलियन इयर्स' हे नाव ठेवले. २००९ ते २०१३ या काळात त्यांनी जुन्या पुस्तकांतील चित्रे आणि कापडाचे तुकडे जोडून ३६५ बाहुल्या केल्या. आकार हातात घालून नाचवायच्या बाहुलीएवढा, डोके एका चित्राचे, हात दुसऱ्याचे, अंगावर कापड. ते काम २०१३ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात दाखवले गेले. त्याचे नाव 'द सर्जन अँड द फोटोग्राफर'. वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने चित्रकाराची तुलना मांत्रिकाशी आणि कॅमेरा चालवणाऱ्याची तुलना शल्यविशारदाशी केली होती, त्याचा हा धागा आहे. कात्री चालवणाऱ्या माणसाला शल्यविशारदाची आठवण व्हावी, हे मला अगदी योग्य वाटते. कापणे म्हणजे निवडणे, आणि कुठे थांबायचे ते ठरवणे. दगड फोडणारा वेगळे काय करतो?

व्हेनिसमधील कामात तर हे आणखी स्पष्ट झाले. १९५५ साली फार्मर यांच्या आजोबांच्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकला आगगाडीची धडक बसली होती. त्या अपघाताची, विखुरलेल्या फळ्यांची वृत्तछायाचित्रे कुटुंबाच्या हाती आली, आणि त्यांतून फार्मर यांनी फळ्या पितळेत घडवल्या, पाण्याची कारंजी उभारली, प्रदर्शनगृहाचे छतच उतरवून ते उघड्यावर आणले. ती पितळी फळी पाहून तिला कुणी हस्तकला म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. पण तिच्यामागची बुद्धी तीच आहे, जी पाच वर्षांपूर्वी गवताच्या काडीवर काम करत होती. धातू आला की शिल्प आणि कागद आला की हस्तकला, ही विभागणी मग वस्तूच्या किमतीवर आणि वजनावर होते, कलेवर नव्हे.

कागदी शिल्पाला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, हेही नोंदवायला हवे. पाब्लो पिकासो यांनी १९१२ मध्ये पुठ्ठा, कागद आणि दोरा यांची गिटार केली. पत्र्याची गिटार त्यानंतर, १९१४ मध्ये आली. आधुनिक शिल्पकलेचा कोणताही इतिहास उघडला तरी ही पुठ्ठ्याची गिटार त्यात भेटते, आणि आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जपलेली आहे. बर्लिनच्या हाना हेख यांनी पहिल्या महायुद्धानंतर नियतकालिकांतील छायाचित्रे कापून जी जोडचित्रे केली, ती करताना त्या स्वतः एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत विणकाम-भरतकामाचे नमुने काढण्याची नोकरी करत होत्या. म्हणजे ज्या कामाला आपण हस्तकला म्हणून बाजूला सारतो, त्याच टेबलावरून कलेची एक मोठी वाट निघाली होती.

आपल्याकडेही हे परके नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी घराघरांत पोहोचल्या, आणि अनेक घरांत त्या छापील साडीवर खरे कापड, जर, टिकल्या आणि मणी चिकटवून देवीला सजवले गेले. अशा तसबिरी आज संग्राहक जपून ठेवतात. माझ्या आजोळी एक होती. लक्ष्मीच्या पदराला आजीने स्वतःच्या फाटलेल्या शालूची जर लावली होती आणि समईच्या उजेडात तो पदर चित्रातून अर्धा बोट पुढे आलेला दिसे. बाजारातून आणलेली छापील प्रतिमा, तिच्यात भर घालून उठाव दिलेला, उजेडाचा विचार केलेला. आजीला उठावशिल्प हा शब्द ठाऊक नव्हता, पण काम तेच होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रे आहेत. या परंपरेतील अनेक चित्रांत दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात आणि गोष्ट सांगणारा एक बाजू दाखवून झाली की पान उलटतो. कासेलच्या टेबलाची दुसरी बाजू पाहताना मला पहिली आठवण झाली ती या चित्रांची.

आता ज्या प्रसंगामुळे आपल्या लेखातील वाक्य मला इतके लागले, तो सांगतो. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी नववीच्या वर्गाला कासेलची छायाचित्रे दाखवली आणि घरी येणाऱ्या छापील कागदातून काहीतरी उभे करा, एवढेच सांगितले. एका मुलीने आमच्या गावचा आठवडी बाजार केला. बायका साड्यांच्या दुकानाच्या जाहिरातपत्रकांतून, भाज्या मॉलच्या पुरवणीतून, देव दिनदर्शिकेतून, ट्रॅक्टर खताच्या कंपनीच्या पोस्टरवरून. काड्या खराट्याच्या, खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये शाडू. मैद्याची खळ तिने घरी शिजवली आणि कसर लागू नये म्हणून तिच्या वडिलांनी, जे बाइंडिंगचे काम करतात, तिच्यात मोरचूद घालून दिले. दोनशेच्या वर काड्या होत्या. एका कोपऱ्यात वर्तमानपत्रातल्या पशुखाद्याच्या जाहिरातीतून कापलेली, चांगली धष्टपुष्ट म्हैस होती. त्या कात्रणाच्या मागे, छापील मजकूर जसा आला तसा, कर्जवसुलीच्या जाहीर लिलावाच्या नोटिशीचा तुकडा होता. इतर चित्रांना तिने पाठीमागून दुसरी चित्रे लावली, पण म्हशीची पाठ तशीच ठेवली आणि ती काडी ट्रेच्या कडेला रोवली, म्हणजे मागून येणाऱ्याला ती नोटीस वाचता यावी. मी तिला हे सांगितले नव्हते. विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, ते आधीपासूनच मागे होतं, मी फक्त झाकलं नाही."

हे काम आम्ही एका जिल्हास्तरीय कलास्पर्धेला शिल्प विभागात पाठवले. आयोजकांनी ते तिथून काढून हस्तकला विभागात, शुभेच्छापत्रे आणि कागदी फुलांच्या टेबलावर ठेवले. कारण नियमावलीत शिल्पाची माध्यमे म्हणून माती, प्लास्टर, दगड, लाकूड आणि धातू एवढीच नावे होती. नियमावर बोट ठेवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि बक्षिसाचेही मला काही वाटले नाही. वाईट याचे वाटले की ट्रे भिंतीला टेकवून ठेवला होता. मागे जायला जागाच नव्हती. परीक्षकांपैकी कुणालाही ती नोटीस दिसली नाही, कुणालाही त्या बाजाराची दुसरी बाजू दिसली नाही. तिचे शिल्प हस्तकलेच्या टेबलावर गेले म्हणजे केवळ पाटी बदलली, असे नाही. ते पाहण्याची रीतच बदलली आणि अर्धे काम झाकले गेले. ती मुलगी प्रदर्शनाच्या दिवशी आईला घेऊन आली होती. दोघी टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि आईला मागची बाजू दाखवण्यासाठी तिने ट्रे थोडा पुढे ओढला, तेव्हा तिथल्या स्वयंसेवकाने तिला हात लावू नको म्हणून सांगितले. मी ते पाहत उभा होतो.

कागद टिकत नाही, ही यावरची नेहमीची हरकत. ती मी गंभीरपणे घेतो, कारण वर्तमानपत्री कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते आणि उजेडात व हवेत तो पिवळा पडून ठिसूळ होतो, हे प्रत्येक कलाशिक्षकाने स्वतःच्या कपाटात पाहिलेले असते. गुळगुळीत मासिकी कागद त्या मानाने जास्त टिकतो. पण संग्रहालये कागदी कामे मंद उजेडात, साधारण पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) आसपास, आणि मर्यादित काळच दाखवतात, ती उपाययोजना जगभर रुळलेली आहे. 'लीव्हज ऑफ ग्रास' आज कॅनडाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. आणि टिकाऊपणा हीच कसोटी लावायची, तर शाडूच्या ज्या मूर्तींबद्दल आपण अभिमानाने बोलतो त्या दहा दिवसांत पाण्यात जातात. पेणच्या मूर्तिकाराला म्हणून कुणी शिल्पकार म्हणायचे थांबत नाही.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे. छायाचित्र दुसऱ्याचे, मग श्रेय कुणाचे? कासेलला मला त्या काड्यांखाली छायाचित्रकारांची नावे दिसली नाहीत आणि हे मला तेव्हाही खटकले, आजही खटकते. 'लाइफ'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेले धरणाचे छायाचित्र होते. याच बाईंनी १९४६ मध्ये चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचे छायाचित्र काढले, जे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. अशा लोकांचे काम कात्रीखाली जाते तेव्हा त्यांच्या नावाची काही सोय व्हायला हवी, असे माझे मत आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी ट्रेखाली एक यादी लावायला सांगत असे, कोणते चित्र कुठून घेतले याची. मात्र ही हरकत श्रेयाची आहे. तिच्यामुळे काम शिल्प आहे की नाही, हे ठरत नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्रातून शाळांच्या, संस्थांच्या आणि तालुका-जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांच्या आयोजकांना एवढीच विनंती पोहोचावी, की शिल्प विभागाच्या नियमावलीत माध्यमांची यादी देण्याऐवजी 'सर्व बाजूंनी पाहण्यासाठी घडवलेली कलाकृती' असा निकष घालावा, कागद व पुठ्ठा यांना त्यात मज्जाव नसावा, आणि अशी कामे भिंतीपासून निदान दोन हात दूर, थेट ऊन लागणार नाही अशा जागी, चोहोबाजूंनी फिरता येईल अशी मांडावीत. याला खर्च लागत नाही. आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी शिल्पकारांवर लिहिताना कागदात काम करणाऱ्यांना त्याच पंक्तीत बसवावे.

त्या मुलीचा बाजार आजही शाळेच्या वाचनालयात काचेखाली आहे. गेल्या पावसाळ्यात चार काड्या कलल्या होत्या, त्या मी जाऊन पुन्हा रोवल्या. तिच्या व तिच्या पालकांच्या परवानगीने त्या कामाची दोन छायाचित्रे सोबत पाठवत आहे, एक समोरून आणि एक मागून. छापायची झाल्यास कृपया दोन्ही छापावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक,
मिरज